बर्फ वितळला म्हणून लगेच फावडं उचलू नका

ती. आई आणि बाबांना,

सा. न.

बाबा, तुम्ही विचारलंत की शेजारचे काका दर वसंतात कायरोप्रॅक्टरकडे (हाताने सांध्यांना झटका देऊन उपचार करणाऱ्याकडे) जाऊन पाठीचं ‘सर्व्हिसिंग’ करून घेतात, तसं आपणही करावं का. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

थोडक्यात सांगायचं तर बाबांनी कमरेसाठी जायला हरकत नाही, पण मोजक्या भेटींपुरतं. आईच्या मानेला किंवा पाठीला झटका द्यायचा नाही, कोणीही कितीही अनुभवी असला तरी. आणि बागेत काम करायची पद्धत तीच राहिली, तर मेच्या अखेरीस पुन्हा गरम पाण्याची पिशवी निघणार हे नक्की.

दुखणं दर वर्षी एप्रिल-मेमध्येच का निघतं? कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांतात, तुमच्या मिसिसागात, गुढी उभारताना मागच्या अंगणात बर्फ असतो. तोवर चार-पाच महिने चालणं म्हणजे घर ते गाडी आणि गाडी ते मॉल. कंबर सांभाळणारे पाठीचे आणि नितंबांचे स्नायू तेवढ्यात ढिले पडतात. मग एक उबदार शनिवार येतो आणि बाबा सकाळी साडेसातला रेक घेऊन बाहेर. इथेच दोन गोष्टी घात करतात. रात्री झोपेत मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण सेंटिमीटरभर उंच असतो आणि त्यातली निम्मी उंची पहिल्या तासात उतरते. तोवर वाकलं की चकतीवर जास्त ताण येतो. दुसरं, वीसेक मिनिटं वाकून तण उपटत बसलं की पाठीचे अस्थिबंध (हाडं जोडणाऱ्या पट्ट्या) सैल होतात, आणि उठल्या उठल्या मातीची पिशवी उचलली की त्यांच्याकडून आधार मिळत नाही. कंबर ‘लचकते’ ती अनेकदा त्या क्षणी.

कायरोप्रॅक्टर काय करतो? आखडलेल्या सांध्याला अगदी थोड्या अंतराचा पण वेगवान झटका देतो. त्यात जो ‘कट्’ आवाज येतो, तो हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या द्रवात दाब एकदम कमी होऊन वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. आमच्या इथल्या अल्बर्टा विद्यापीठात २०१५ साली बोटांची पेरं ओढताना एमआरआयवर हे प्रत्यक्ष टिपलं गेलं. आवाज आला नाही म्हणजे उपचार फसला असं मानू नका. १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर यांनी हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा बहुतेक सगळे आजार मणका सरकल्यामुळे होतात असा त्यांचा दावा होता. आजही कोणी तुम्हाला मणके सरळ करून रक्तदाब किंवा पचन सुधारतो म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा. कंबरदुखीचं मात्र वेगळं आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये (जुनाट) कंबरदुखीसाठी औषधाविना करायच्या उपायांत हा उपचार धरला आहे. फायदा थोडा ते मध्यम असतो. व्यायामाला जोडून घेतला तर जास्त.

बाबा, पहिली भेट पाऊण तास ते तासभर चालायला हवी. त्यात आधी विचारपूस, मग रक्तदाब, गुडघ्याच्या आणि घोट्याच्या प्रतिक्षिप्त क्रिया, पायांची ताकद, आणि उताणं झोपवून सरळ पाय उचलून पाहणं. हे न करता कोणी थेट टेबलावर पालथं झोपायला सांगत असेल तर तिथे थांबू नका. तुमची रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे, हे अर्जात लिहाच, शिवाय तोंडीही सांगा. त्या गोळीमुळे जोरदार मसाज, कपिंग (कप लावून त्वचा ओढणं) किंवा धातूच्या पट्टीने घासणं टाळायचं, काळेनिळे डाग उठतात आणि आत रक्त साचू शकतं. त्याच गोळीमुळे दुखलं तरी अ‍ॅडव्हिल (आयब्युप्रोफेन) घ्यायची नाही. टायलेनॉल (पॅरासिटामॉल) चालेल, पण डब्यावरच्या मर्यादेत. प्रत्येक पाठदुखीला एक्सरेची गरज नसते. पडणं, कर्करोगाचा इतिहास, ताप, वजन घटणं किंवा हाड ठिसूळ असल्याची शंका असेल तरच.

आठवड्यातून दोनदा, असे दोन-तीन आठवडे करून पाहा. पहिल्या एक-दोन भेटींनंतर दिवसभर अंग ठणकतं, ते ठीक. सहाव्या भेटीपर्यंत बूट घालताना वाकणं किंवा गाडीतून उतरणं सोपं झालं नसेल, तर पुढे जाण्यात अर्थ नाही. चाळीस भेटींचं पॅकेज आगाऊ पैसे भरून घ्यायचं नाही, सूट कितीही असो. ओहिपने, म्हणजे ऑन्टॅरियोच्या सरकारी आरोग्य विम्याने, २००४ पासून कायरोप्रॅक्टिकचे पैसे देणं बंद केलं आहे, म्हणजे खर्च तुमच्या निवृत्तीच्या विम्यातून किंवा खिशातून. विम्याची वार्षिक मर्यादा आधी विचारा. आणि कायरोप्रॅक्टरचं नाव कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टर्स ऑफ ऑन्टॅरियो या नियामक संस्थेच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधा. शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही तिथे दिसते. पाटीवर डॉक्टर लिहिलेलं असतं, ते ऑन्टॅरियोच्या कायद्याने चालतं, पण औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांना नसतो.

आई, आता तुझं. तुझी हाडं ठिसूळ आहेत. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजतात ती) टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असला की झटक्याने मणका दबण्याचा किंवा बरगडी मोडण्याचा धोका असतो. तुझ्यासाठी सावकाश हाताने सांधा हलवणं, किंवा खाली-वर होणाऱ्या टेबलावर कंबर हळूहळू ताणणं इतपतच. स्प्रिंगचं छोटं हातयंत्र वापरतात, त्याचा धक्का सौम्य असतो, पण तेही अहवाल दाखवल्यावरच. तरुणपणापेक्षा तुझी उंची तीन-चार सेंटिमीटर कमी झाली असेल, तर मणका आधीच दबलाय का, हे फॅमिली डॉक्टरला विचार.

मानेचं मी दोघांनाही बजावते. मान झटक्यात वळवली की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चीर जाऊन पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं. ऑन्टॅरियोतल्याच २००८ च्या अभ्यासात अशा पक्षाघाताचा संबंध कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांप्रमाणेच फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांमध्येही दिसला; म्हणजे काही जणांची वाहिनी आधीच चिरलेली असावी आणि त्या दुखण्यासाठीच ते दार ठोठावत असावेत. दोघांच्या वयाला हा धोका पत्करण्याजोगा नाही. बाबा, साताऱ्याला गेलात की न्हाव्याकडून चंपीनंतर मान मोडून घेता ना, तीही बंद. तो तर काही न विचारता वळवतो.

आता बाग. उठल्यावर पहिला तासभर वाकायचं नाही. चहा, अंघोळ, मग दहा मिनिटं गल्लीत चालणं. मातीची २५ लिटरची ओली पिशवी १५-२० किलो भरते. ती दुकानातल्या माणसाकडून गाडीत ठेवून घ्या आणि घरी गाडीतच फोडून बादलीने, अर्धी बादली एका वेळी, बाहेर काढा. ढकलगाडीत वजन चाकाच्या बाजूला पुढे ठेवा. मागे साचलं की ते मनगटांवर आणि कमरेवर येतं. रेकचा दांडा हनुवटीपर्यंत यावा. आखूड असेल तर बदला, वीस-तीस डॉलरची वस्तू. ओढताना कंबर पिळायची नाही, पाय उचलून पूर्ण वळायचं, आणि दर पाच मिनिटांनी हात बदलायचे. तण काढायला गुडघ्याखाली जाड गादी, एक गुडघा खाली, एक पाय उभा, एक हात जमिनीवर. फोनवर वीस मिनिटांचा गजर लावा. वाजला की उभं राहून हात डोक्यावर, हलकं मागे झुकायचं, दोन मिनिटं चालायचं, मगच काही उचलायचं. आईच्या मेथी-कोथिंबिरीसाठी ६०-७० सेंटिमीटर उंचीची लाकडी पेटी करा, म्हणजे तिला वाकावंच लागणार नाही. टोमॅटो-मिरचीची रोपं तशीही व्हिक्टोरिया डेच्या (मेच्या उत्तरार्धातल्या सुट्टीच्या) आधी बाहेर लावत नाहीत, दंव पडतं. म्हणजे तयारीला वेळ आहे, सगळं एका शनिवारी उरकू नका.

त्या वेळात दोन व्यायाम. दोघांनी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ८ ते १० वेळा, दिवसातून दोनदा; खुर्ची भिंतीला टेकलेली. बाबांनी गालिच्यावर हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय सरळ लांबवायचा, १० सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, मग बाजू बदलायची. वॉटर्लू विद्यापीठाचे निवृत्त प्राध्यापक, कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल कमरेसाठी सुचवतात त्या तीन व्यायामांतला हा एक. आईने कंबरेतून पुढे वाकण्याचे आणि उताणं झोपून धड उचलण्याचे (सिट-अप) व्यायाम अजिबात करायचे नाहीत, यूट्यूबवर कोणीही दाखवो.

काही लक्षणांत कायरोप्रॅक्टर, मी, कोणाचीच वाट पाहायची नाही. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसण्याची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना, तर थेट इमर्जन्सी. मान किंवा डोकं कधी दुखलं नाही तसं अचानक दुखू लागलं, एकाचे दोन दिसले, बोलणं-गिळणं अडखळलं, तोल गेला तर ९११. रात्री झोपेतून उठवणारी पाठदुखी आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

आईच्या डेक्सा अहवालाचा फोटो आणि बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या डब्यांचा एक फोटो रविवारपर्यंत पाठवा. मी दोन्हीचा एक कागद करून देते, तो पहिल्या भेटीला घेऊन जा.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, रेकचा दांडा मोजून कळवा.