तुझ्या तुळईची गिटार

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

प्रिय मित्रा,

तुझा निरोप परवा रात्रीच वाचला. उत्तराला दोन दिवस लावले, कारण आधी तुळई उघडून बघायची होती. काल दुपारी ती आमच्या जिन्याखालून बाहेर काढली. चाळ पाडायला घेतली तेव्हा तू आणि काकांनी ती टेम्पोत घालून इथे आणलीत, त्याला येत्या मे महिन्यात तीन वर्षं होतील. वरची काजळी आणि चुन्याचे पोपडे खरवडले, एका कडेवरून चार-पाच वेळा रंधा फिरवला आणि आतला सोनेरी तपकिरी रंग वर आला. वास तर असा सुटला की मी रंधा बाजूला ठेवून तसाच बसून राहिलो. तुमच्या माळ्यावर आपण सराव करायचो तेव्हा पहिल्या पावसात हाच वास यायचा. नऊ खिळे उपटले. दोन आत मोडून राहिलेत आणि त्यांच्याभोवती लाकूड काळंनिळं पडलंय. बाकी सगळं निरोगी आहे. कीड नाही, भेग फक्त एका टोकाला, तीही वीतभर.

तू लिहिलंस की अख्खी इलेक्ट्रिक गिटार याच सागाची करायची, आणि स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, साडेपंचवीस इंचीच ठेवायचं, कारण हात त्याला बसलाय. माझं दोन्ही बाबतींत तुझ्याशी पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

आधी स्केल. सगळे लाकडापासून सुरुवात करतात, कारण लाकूड डोळ्याला दिसतं, हाताला लागतं. पण गिटार कागदावर काढायला बसलं की पहिली रेघ स्केलचीच ओढावी लागते. नटपासून (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात ती पट्टी) किती लांबीची तार वाजणार हे ठरल्याशिवाय एकाही फ्रेटची (बोटांखालची धातूची आडवी पट्टी) खाच कापता येत नाही. बारावा फ्रेट बरोबर मध्यावर येतो. पहिला फ्रेट नटपासून किती लांब? स्केलला १७.८१७ ने भागायचं. पुढे प्रत्येक वेळी उरलेल्या लांबीला त्याच आकड्याने भागत जायचं. गिटार कंपन्यांपैकी फेंडरचं साडेपंचवीस इंच म्हणजे ६४८ मिलिमीटर, गिब्सनचं पावणेपंचवीस म्हणजे साधारण ६२९, आणि पीआरएस या दोघांच्या मधलं, बरोबर २५ इंच, म्हणजे ६३५. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो.

पण तुझी करंगळी आठव. त्या अपघातानंतर ती पूर्ण उघडत नाही, आणि पहिल्या फ्रेटवर तर्जनी ठेवून चौथ्यावर करंगळी नेताना तू मनगट वाकवतोस, हे मी गणपतीत समोर बसून पाहिलं. साडेपंचवीसला पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत ९७ मिलिमीटर होतात, पावणेपंचवीसला ९४. तीन मिलिमीटर म्हणजे सुताराच्या भाषेत जेमतेम एक सूत. धडधाकट हाताला एका सुताचं काही वाटणार नाही. तुझ्या हाताला ते दर गाण्यात वाटेल, आणि चाळीस मिनिटांनी मनगटात वाटेल. हात साडेपंचवीसला बसला होता तो अपघाताच्या आधीचा हात, मित्रा.

आता तुझी शंका, की तारा ढिल्या पडतील. रास्त आहे. ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. त्याच जाडीची तार त्याच स्वरात लावली तर पावणेपंचवीसला ताण जवळजवळ सहा टक्क्यांनी उतरतो. त्यात तू आवाजासाठी अर्धा स्वर खाली लावतोस, तिथे आणखी अकरा टक्के जातात. दहाच्या, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच जाडीची, अशा तारा ठेवल्यास तर लोंबल्यासारख्या वाटणारच. पण ताण तारेच्या जाडीच्याही वर्गाप्रमाणे वाढतो. पहिली तार दहाऐवजी अकराची लाव. मी वहीवर मांडून बघितलं: अकराची तार, पावणेपंचवीस स्केल, अर्धा स्वर खाली, आणि दुसरीकडे दहाची तार, साडेपंचवीस, न उतरवलेला स्वर. दोन्हींच्या ताणात दोन टक्क्यांचाही फरक येत नाही. म्हणजे बोटाखाली कस तोच राहील आणि अंतर तेवढं कमी होईल. खालच्या तारांचा लांब स्केलला मिळणारा तो टणक, स्वच्छ ठोका थोडा मऊ होईल, हे खरं. तुझ्या वाजवण्यात तो मऊपणा मला उलट शोभेल असं वाटतं, पण तो शेवटी तुझा कान.

लाकडावर येतो. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंची चौरस पाइनच्या ठोकळ्यावर तारा आणि पिकअप (तारेची थरथर विजेत बदलणारा भाग) चढवले आणि गिटारसारखी दिसावी म्हणून दोन बाजूंना पोकळ गिटारचे अर्धे तुकडे जोडले. तेही इमारती लाकूडच, तुझ्या तुळईचं लांबचं भावंड म्हण. पिकअपचं चुंबक पोलादी तारेची हालचाल पकडतं, लाकडाचा आवाज नाही. लाकूड तारेची शक्ती किती शोषून घेतं त्याने थोडा फरक पडतो. पण मी एकाच पिकअपची जोडी माझ्या दोन वेगळ्या लाकडांच्या गिटारींत बसवून ऐकली आहे, आणि पिकअपची उंची दोन मिलिमीटर वरखाली केल्यावर जेवढा फरक पडला तेवढा लाकडाने पडला नाही. म्हणून लाकडाकडे मी तीनच गोष्टी मागतो: वजन बेताचं, आकार न बदलणं, आणि रोज हातात घ्यावंसं वाटणं.

वजनाचं गणित सांगतो. स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची बॉडी साधारण सव्वाचार लिटर लाकडाची होते. साग लिटरमागे साडेसहाशे ग्रॅम धर, म्हणजे पावणेतीन किलो नुसती बॉडी. शिसम घेतलास तर सव्वातीनच्या पुढे. अमेरिकेत स्ट्रॅटला वापरतात त्या ऑल्डरची बॉडी दोन किलोंच्या आत बसते. शिवाय तुळई पाच इंच रुंद आहे आणि बॉडीला तेरा इंच लागतात, म्हणजे तीन फळ्या जोडाव्या लागणार आणि काळे पडलेले डाग नेमके दर्शनी भागावर येणार. उभं राहून दोन तास वाजवणाऱ्या माणसाच्या खांद्यावर मी हे ओझं घालणार नाही.

बॉडीला तून घे. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले तेच हे लाकूड. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तूच मला बातमी पाठवली होतीस. तून महोगनीच्याच कुळातलं. रंग लालसर, वजन लिटरमागे पाचशे ग्रॅमच्या आसपास, पटाशीखाली लोण्यासारखं कापलं जातं. मऊ आहे, कडा लवकर चेपतात, तेवढं सांभाळावं लागेल. गेल्या रविवारी हार्बरने रे रोडला उतरून लाकूडबाजारात तीन वखारी फिरलो. तिसरीत दोन इंची कोरडी फळी मिळाली. एका हाताने टोकाशी सैल धरून बोटाच्या पेराने ठोकली तर घुमून उत्तर आलं. शेजारच्या फळीचं आलं ते बद्द. पहिलीवर खडूने खूण करून, विसार देऊन आलोय.

आणि तुझी तुळई? ती नेकला, म्हणजे गिटारीच्या मानेला. तिथेच तिची खरी जागा आहे. माझ्या पहिल्या गिटारीचं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. तिचा नेकही सागाचाच होता, पण ताज्या. वखारवाल्याने सीझन केलेलं आहे असं छातीठोक सांगितलं आणि मी मानलं. मार्चमध्ये नेक सरळ सूत होता. जुलैत एका संध्याकाळी पहिली तार सातव्या फ्रेटपाशी खरखरायला लागली, तर सहावी तिथेच उंच उभी. हेडस्टॉककडून, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडून, एक डोळा मिटून पाहिलं तर अख्ख्या नेकला पीळ पडलेला. ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या सळईने, बाक काढता येतो, पीळ काढता येत नाही. मागाहून मीटर लावला तर त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यात १९ टक्के ओल निघाली. आपल्या ठाण्याच्या हवेत पावसाळ्यात आर्द्रता महिनोन्‌महिने ८५ टक्क्यांच्या आसपास असते आणि लाकूड ती पीत राहतं. उन्हाळ्यात परत सोडतं. तारांचा एकूण ताण ४५ किलोंच्या वर. कच्चं लाकूड त्याखाली सरळ राहीलच कसं? त्या नेकवर मी चार महिने कानस आणि पॉलिश पेपर घासला होता. तो उतरवला त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तुझी तुळई अशाच हवेत सत्तर पावसाळे छपराखाली उभी राहून आली आहे. तिला जेवढं हलायचं होतं तेवढं ती हलून झाली. काल मीटरने ११ टक्के दाखवले. तिच्यातून उभ्या रेषांच्या दोन पट्ट्या काढायच्या, मध्ये शिसमाची अर्धा इंची पट्टी, आणि सागाची एक पट्टी उलटी फिरवून चिकटवायची, म्हणजे एकीचा कल दुसरी धरून ठेवते. सागाचं तेल गोंदाला धरू देत नाही, तेव्हा सांधे अ‍ॅसिटोनने पुसून लगेच चिकटवायचे, हे मी गिटार बनवणाऱ्या रबाळ्याच्या कारागीरदादांना दोनदा बजावलंय. फिंगरबोर्ड (फ्रेट बसतात ती नेकवरची पट्टी) शिसवीचा. आणि तुळईतून दोन सूत जाडीचा लाकडाचा एक थर बॉडीच्या दर्शनी भागावर लावू. खिळ्याचा एक काळा डाग त्यात मुद्दाम ठेवू, ब्रिजच्या खालच्या अंगाला. काका बघतील तेव्हा त्यांना कुठली तुळई ते सांगावं लागणार नाही.

शनिवारी कारागीरदादा फ्रेटच्या खाचा कापायला घेणार आहेत. त्याआधी एक कर. तुझ्या गिटारीच्या सगळ्या तारा एक पूर्ण स्वर खाली लाव आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) चढव. तुझा नेहमीचाच स्वर मिळेल आणि स्केल उरेल ६११ मिलिमीटर, म्हणजे जवळपास फेंडरच्या जॅग्वार या गिटारीचं २४ इंच. तारा ढिल्या लागतील, तिकडे लक्ष देऊ नकोस, फक्त करंगळीकडे बघ. मी म्हणतोय ते माप याच्या आणि तुझ्या आत्ताच्या मापाच्या बरोबर मधे येतं. चार दिवस सलग वाजव, मनगट कधी दुखायला लागतं ते घड्याळ लावून बघ, आणि शुक्रवारी रात्री फोन कर. काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
जिन्याखाली तुळई सांभाळणारा