जावयाचा वेप आणि बाबांचा मल्टिमीटर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोन प्रश्न विचारलेत आणि आईने मागून तिसरा टाकला. "शेवटी कुठला वेप, म्हणजे वाफेची विजेवरची सिगारेट, घेतलास?", "येताना मलाही एक आणशील का?" आणि "ते नळकांडं तोंडात फुटलं म्हणजे?" मी धड उत्तर दिलं नाही, कारण तुमचा जावई शेजारीच बसला होता. सिगारेट सोडण्याचा विषय त्याच्यादेखत निघाला की तो मागच्या अंगणात जातो, आणि तिथे जाऊन काय करतो हे तुम्ही जाणताच. म्हणून आता निवांत लिहिते.

वस्तू मीच निवडली. त्याच्यावर सोडलं असतं तर रंग बघून घेऊन आला असता. इथे इंग्लंडमधल्या दुकानातला मुलगा वासांची यादी म्हणून दाखवत होता, आंब्यापासून कस्टर्डपर्यंत, आणि मी विचारत होते की हा कॉइलचा, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेचा, रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) दाखवतो का. त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिलं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीने दुसरं काय विचारायचं!

आत सगळं तुमच्या ओळखीचंच आहे. लिथियमची बॅटरी, एक बटण, आणि कापसाला लागून बसवलेली कँथल या मिश्रधातूच्या तारेची छोटीशी कॉइल. कापूस निकोटिनचं द्रव शोषून घेतो, बटण दाबलं की तार तापते आणि द्रवाची वाफ होते. साध्या, स्वस्त यंत्रात बॅटरी थेट कॉइलला जोडलेली असते. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्ट देते, उतरत उतरत साधारण ३.४ वर येते. उष्णता म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, तुमचंच सूत्र. म्हणजे सकाळी जेवढी उष्णता, त्याच्या दोन तृतीयांशाहूनही कमी संध्याकाळी. वाफ पडली की माणूस जोरजोरात ओढतो, समाधान होत नाही, आणि खिशातलं सिगारेटचं पाकीट आठवतं. म्हणून व्होल्टेज धरून ठेवणारं आणि कमी-जास्त करता येणारं यंत्र हवं होतं.

पण नुसतं व्होल्टेज बदलता येऊन भागत नाही. कॉइल दर आठ-पंधरा दिवसांनी बदलावी लागते आणि बाजारात ०.६ ओहमचीही असते, १.२ चीही. यंत्र ३.५ व्होल्टवर ठेवलेलं असताना १.२ ची कॉइल सुमारे १० वॅट खाते. त्याच जागी चुकून ०.६ ची बसवली तर सरळ २० वॅट. कापूस करपतो आणि घशाला असा चटका बसतो की माणूस पुन्हा सिगारेटीकडे वळावा. रेझिस्टन्स मोजणारं यंत्र नवी कॉइल बसवल्याबरोबर पडद्यावर आकडा दाखवतं. शॉर्ट असेल तर पेटायलाच नकार देतं. आकडा १.२ चा १.५ झाला की समजायचं, कॉइल सैल बसली आहे किंवा संपर्काच्या जागी द्रव साचलं आहे. पुसून, घट्ट करून पुन्हा बघायचं.

तुम्ही म्हणाल, त्यासाठी मल्टिमीटर आहे की घरात. आहे, तुम्ही दिलेलाच आहे. पण एक ओहमच्या आसपास त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स आड येतो. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा, ही तुमची युक्ती मी करून पाहिली आणि पडद्याशी पडताळलं. फरक नगण्य निघाला. तेव्हा यंत्राचं मोजमाप खोटं नाही, हे तुमच्या समाधानासाठी.

आता एक गोष्ट खास तुमच्यासाठी, आईने हा परिच्छेद सोडला तरी चालेल. काही यंत्रं व्होल्टेज खरोखर कमी करत नाहीत. बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज ती झपाझप चालू-बंद करतात आणि सरासरी काढून पडद्यावर दाखवतात. समजा ४.२ व्होल्ट निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद. पडदा म्हणणार २.१. त्या हिशोबाने १.२ ओहमवर ३.७ वॅट व्हायला हवेत, पण कॉइलला प्रत्यक्षात पूर्ण शक्तीच्या निम्मे, म्हणजे ७.३ वॅट मिळतात. दुप्पट! सरासरी व्होल्टेज आणि आरएमएस व्होल्टेज (उष्णतेच्या हिशोबाला लागतं ते) यांतला हा घोळ तुम्ही आम्हाला ट्रान्सफॉर्मर उघडून समजावला होता. म्हणून मी आतलं सर्किट खरोखर व्होल्टेज वर-खाली करणारं आहे याची खात्री करूनच घेतलं. आताशा बहुतेक ठिकाणी व्होल्टऐवजी वॅटच ठरवायचे असतात. १० वॅट सांगितले की यंत्र रेझिस्टन्स मोजून स्वतःच ठरवतं, १.२ ला ३.४६ व्होल्ट, ०.८ ला २.८३. म्हणजे मोजणं आलंच. आमच्याकडच्यात दोन्ही सोयी आहेत. मी १० वॅटवर ठेवून बटणं लॉक करून टाकली आहेत.

इतकी काटेकोर का, तर २०१५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एका वेपची वाफ तपासली. ३.३ व्होल्टला त्यांना फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन सोडणारी संयुगं सापडली नाहीत, ५ व्होल्टला सापडली. लगेच उलट बाजूनेही प्रयोग झाले की ५ व्होल्टला कापूस कोरडा पडून इतका कडू चटका बसतो की कुणी माणूस ते ओढणारच नाही. दोन्हींत मला एकच दिसतं: कापूस करपू द्यायचा नाही. नवी कॉइल बसवल्यावर द्रव भरून दहा मिनिटं थांबायचं. जावयाला नेमका हाच संयम नाही, त्यामुळे कॉइल मीच बदलते.

आई, आता तुझं. हे फुटल्याच्या बातम्या येतात त्यातल्या बऱ्याच खिशात सुट्या ठेवलेल्या बॅटरीच्या असतात. किल्ल्या, नाणी लागून शॉर्ट होतो. तुझ्या जावयाच्या खिशात काय काय असतं ते तू धुणं करताना पाहिलं आहेस, म्हणून मी बॅटरी आतच पक्की बसवलेलं यंत्र घेतलं. बाबांना हे पटणार नाही, बॅटरी मेली की आख्खी वस्तू फेकायची म्हणून. मलाही पटत नाही, पण नवऱ्याचे खिसे बदलण्यापेक्षा ते सोपं. द्रवाच्या बाटल्या मात्र कुलपात असतात, निकोटिन पोरांच्या पोटात गेलं तर विषच. आणि २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसं बिघडून माणसं दगावली ते तुला आठवत असेल. तिथे मुख्यतः गांजाच्या अर्काच्या नळकांड्यांत मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट कारण निघालं. इथल्या दुकानातल्या द्रवात निकोटिन मिलिलीटरला २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, टाकीही २ मिलिलीटरहून मोठी नाही. निर्धोक आहे असं मी म्हणत नाही. जो ओढत नाही त्याने याला शिवूही नये, हे इथली आरोग्यसेवाही सांगते. सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी घातक, एवढाच तिचा दावा आहे.

गंमत बघा. २०१९ च्या जुलैमध्ये बर्मिंगहॅमकडच्या दोन सरकारी रुग्णालयांत चक्क वेपची दुकानं उघडली, आणि त्याच सप्टेंबरात आपल्याकडे बंदीचा वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. म्हणून बाबा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही आणणार. बनवणं, आणणं, विकणं, साठवणं सगळ्यावर बंदी आहे. बनवण्या-आणण्या-विकण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जावयाचंही यंत्र इथेच राहील, तो येताना निकोटिनचा गम घेऊन येईल. आणि पानपट्टीवर चोरून मिळतं ते घेऊ नका. त्यातलं द्रव कुणी बनवलं, किती निकोटिन घातलं, कोणी सांगणार नाही.

खरं सांगायचं तर वेपही काही हुकमी नाही. इंग्लंडमध्येच २०१९ साली ८८६ जणांवर चाचणी झाली. वर्षभराने वेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, गम-पट्ट्यांवाल्यांपैकी ९.९ टक्के. पण त्या सुटलेल्या वेपवाल्यांतले ८० टक्के वर्षानंतरही वेप ओढतच होते. आमच्याकडे तेच होणार असं मला आत्ताच दिसतंय, आणि सिगारेट गेली तर मी ते चालवून घेणार आहे.

तुमच्यासाठी गमच बरा. २ मिलिग्रॅमचा औषधाच्या दुकानात मिळतो, पण बीपीची गोळी चालू आहे तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. च्युइंगगमसारखा सारखा चघळायचा नाही. जिभेला झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चावायचा. त्याआधी पंधरा मिनिटं चहा नाही, हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल. तुमच्या सिगारेटच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो, तिथे फुकट सल्ला मिळतो. पाकीट फेकण्याआधी एकदा लावून बघा.

आई, बाबांनी सिगारेट सोडायची कोणती तारीख धरली ते तू कळव. त्यांच्याकडून ऐकलं की ती पुढच्या महिन्यात गेलेली असते.

तुमची,
लेक