ड्राफ्टच्या रात्रीच मार्क वाटायची एवढी घाई कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या क्रीडा पानावर अधूनमधून अमेरिकन फुटबॉल म्हणजे एनएफएलबद्दल येतं ते बघून बरं वाटतं, पण ड्राफ्टबद्दलची एक गोष्ट सारखी खटकते. (ड्राफ्ट म्हणजे टीमवाले दरवर्षी आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात ते; एक फेरी म्हणजे राऊंड, एक पाळी म्हणजे पिक, आणि ह्या पाळ्यांची टीमांमध्ये देवाणघेवाणही चालते.) अमका जनरल मॅनेजर (जीएम, टीमचे खेळाडू ठरवणारा साहेब) पारखी नजरेचा, का तर त्याने अमुक हिरा शोधला, आणि तमका बिनडोक, का तर त्याचा पहिल्या राऊंडचा पोरगा फुसका निघाला, एवढ्यावरच सगळा निकाल. ह्या हिशोबात दम नाही. पत्र थोडं लांबेल, जागा नसेल तर खुशाल कात्री लावा.

सगळ्यात घासलेलं उदाहरण टॉम ब्रेडीचं. 2000 च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या राऊंडला, 199 व्या नंबरवर न्यू इंग्लंडने घेतला आणि तेव्हापासून हेड कोच बिल बेलिचिक आणि त्याच्या स्काऊटिंग टीमची (म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांची) दिव्यदृष्टी ऐकून ऐकून कान किटले. अहो, पण त्याच ड्राफ्टमध्ये ब्रेडीच्या आधी ह्याच लोकांनी दुसरे सहा खेळाडू उचलले होते. हा एवढा मोठा होणार हे खरंच माहीत असतं तर 199 पर्यंत कोण थांबलं असतं? म्हणजे त्यांना अक्कल नव्हती असं नाही, सहाव्या राऊंडच्या पिकमध्ये गमावण्यासारखं जवळपास काही नसतं आणि तिथे त्यांनी बरा जुगार खेळला, कौतुक करायचंच तर तेवढ्याचं करा.

आता उलटं बघा. 1998 ला सॅन डिएगोचा जीएम होता बॉबी बेथर्ड. नुसतं तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर सरकायला त्याने पुढच्या वर्षीचा पहिल्या राऊंडचा पिकसुद्धा देऊन टाकला, आणि घेतला कोण तर रायन लीफ, जो आजही फसलेल्या निवडींच्या यादीत वरच असतो. मग बेथर्ड नालायक का? वॉशिंग्टनचा जीएम असताना ह्याच माणसाने दोन सुपर बोल (लीगची अंतिम मॅच) जिंकणारी टीम बांधली आणि 2018 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेला. एका नावावरून माणूस तोलायचा म्हटलं तर बेथर्डचं करायचं काय ते सांगा.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हाच तो अर्थशास्त्राचा नोबेलवाला) ह्या दोघांनी ड्राफ्टचा अभ्यास केला होता, त्यात निघालं की आधी निवडलेला खेळाडू त्याच पोझिशनच्या त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता साधारण 52 टक्के. म्हणजे नाणेफेकीपेक्षा किंचित बरं. एवढे स्काऊट, इंडियानापोलिसचं ते कंबाइन (ड्राफ्टआधीची चाचणी), स्टॉपवॉच, मुलाखती, आणि हाती 52! स्काऊट मूर्ख आहेत असं ह्यातून निघत नाही, कारण सगळेच 32 टीमवाले हुशार आहेत आणि जवळपास तीच माहिती सगळ्यांकडे आहे, त्यामुळे दुसऱ्यापेक्षा फार पुढे कुणीच जात नाही.

म्हणून मला वाटतं की कोण मिळाला ह्याच्याआधी काय किंमत मोजली ते विचारा. सॅन फ्रान्सिस्कोचा जीएम जॉन लिंचचं घ्या. 2021 ला ट्रे लान्ससाठी तिसऱ्या नंबरवर जायला त्याने तीन वर्षांचे पहिल्या राऊंडचे पिक्स मोजले, वर एक तिसऱ्या राऊंडचा. लान्स त्यांच्यासाठी चार मॅच स्टार्ट झाला आणि 2023 मध्ये डॅलसला चौथ्या राऊंडच्या पिकच्या बदल्यात गेला. मधे 2022 ला लिंचनेच ड्राफ्टच्या शेवटच्या, 262 व्या नंबरवर ब्रॉक पर्डी घेतला आणि तोच त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. आता पर्डीमुळे लान्सचं पाप धुतलं गेलं असं म्हणणारे भरपूर आहेत. मला नाही पटत. लान्स चालला असता तरी सौदा महागच होता, आणि पर्डी फसला असता तरी तो फुकटात होता. दोन वेगळे निर्णय आहेत, वेगवेगळेच मोजा ना.

आणि निर्णय नक्की कुणाचा हा तर मोठाच घोळ. कॅन्सस सिटीने 2017 ला 27 व्यावरून दहाव्या नंबरवर उडी मारून पॅट्रिक महोम्स घेतला तेव्हा जीएम होता जॉन डॉर्सी, त्याला जूनमध्येच काढलं, महोम्सने सीझनमधला एक स्नॅपही (एक चालही) खेळायच्या आत! जुलैमध्ये खुर्चीवर आला ब्रेट वीच, जो महोम्ससाठी आतून जोर लावत होता असं सगळेच सांगतात. शिवाय हेड कोच अँडी रीड, ज्याने पोराला वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसवून शिकू दिलं. आता श्रेय वाटा बघू.

बाकी आकड्यांत मोजायचंच असेल तर माझ्या मते दोन गोष्टी बघाव्यात. ड्राफ्ट झालेल्या पोराचं पहिलं कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं, ते संपल्यावर कुणीतरी, मग ती टीम असो की दुसरी, त्याला चांगला पैसा देऊन दुसरं कॉन्ट्रॅक्ट देतंय का? बाजार सहसा उगाच पैसे फेकत नाही. आणि दुसरं म्हणजे माणसाने हातात संधी किती ठेवल्या. बाल्टिमोरचा माजी जीएम ओझी न्यूसम ह्यात उस्ताद होता. चांगले खेळाडू फ्री एजन्सीत (करार संपलेल्यांच्या खुल्या बाजारात) जाऊ द्यायचे आणि लीगकडून भरपाईचे जादा पिक्स घ्यायचे, वर्षानुवर्षं हेच. लोक त्याला 1996 च्या पहिल्याच ड्राफ्टमधल्या जोनाथन ऑग्डन आणि रे लुईससाठी आठवतात, ठीक आहे, दोघंही हॉल ऑफ फेमवाले, पण मला विचाराल तर पिक्स साठवायची ती चिकाटी जास्त मोठी होती, नाणं जितक्या जास्त वेळा उडवाल तितकी छाप जास्त वेळा पडणार.

ह्याचा अर्थ नजर नावाची चीजच नसते असंही नाही हां. पिट्सबर्गच्या बिल नन ह्यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. मूळचे तुमच्याच धंद्यातले, पिट्सबर्ग कुरियर ह्या पेपरचे क्रीडा संपादक, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांची फुटबॉल इतकी जवळून बघितलेली की शेवटी टीमनेच स्काऊट म्हणून नोकरीला घेतलं. जिथे बाकीचे स्काऊट फार फिरकायचे नाहीत तिथे ह्यांच्या ओळखी. 1974 ला जॉन स्टॉलवर्थ चौथ्या राऊंडला घेतला आणि डॉनी शेल तर 17 राऊंड होऊनही कुणी न घेतलेला, त्याला नुसता करारावर आणला, दोघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. तिथे नन ह्यांना खरंच दुसऱ्यांपेक्षा जास्त माहिती होती, म्हणून तो फरक नशिबाचा नाही. नन स्वतः 2021 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी निवडले गेले, तेव्हा ते हयात नव्हते. आणि आज गावोगाव गाडी हाणत फिरणाऱ्या एरिया स्काऊटांचं कोण बघतं? त्यांची कॉन्ट्रॅक्ट्स बहुतेक ड्राफ्टनंतरच संपतात, मे महिन्यात चुपचाप घरी पाठवतात, ज्या खेळाडूबद्दल त्यांनी रिपोर्ट लिहिला त्याने अजून हेल्मेटही घातलेलं नसतं.

सिॲटलने 2012 ला ब्रूस अर्विन, बॉबी वॅग्नर आणि रसेल विल्सन घेतले तेव्हा बऱ्याच अमेरिकन समीक्षकांनी जीएम जॉन श्नायडरला जवळपास नापास केलं होतं, आणि फेब्रुवारी 2014 मध्ये त्याच टीमने डेन्वरला सुपर बोलमध्ये 43-8 चोपलं. पाळण्यात पाय दिसतात ही म्हण निदान एनएफएलला लागू नाही.

तेव्हा एक विनंती. एप्रिलअखेर ड्राफ्ट झाला की दुसऱ्या दिवशीचं ते 'कोण जिंकलं, कोण हरलं' छापण्याऐवजी चार वर्षांपूर्वीचा ड्राफ्ट काढा, कुणी किती पिक्स दिले, किती राखले, त्यातल्या किती पोरांना दुसरं कॉन्ट्रॅक्ट मिळालं, अर्ध्या पानात बसेल. जीएमच्या नावाशेजारी तेव्हाच्या कॉलेज स्काऊटिंग डायरेक्टरचं नावही टाका, आणि तो आज कुठे आहे तेही.

आपला,
एक नेहमीचा वाचक