‘खाली दुखतंय’पेक्षा ‘गोटी दुखतेय’ बरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मारहाणीच्या किंवा अपघाताच्या बातमीत ‘गुप्तांगाला इजा’, ‘नाजूक जागी मार’ असे छापून येते. आरोग्याच्या पानावरही ‘खालचा भाग’ म्हणून वेळ मारून नेली जाते. इजा शिश्नाला झाली, वृषणाला झाली की नुसत्या वरच्या कातडीला, हे वाचणाऱ्याला कळत नाही. शिश्न, वृषण (म्हणजे गोटी), वृषणकोश (म्हणजे गोट्यांची पिशवी) हे तीन शब्द सरळ छापावेत, अशी आमची विनंती आहे. घरात आणि कट्ट्यावर वापरल्या जाणाऱ्या शब्दांबद्दलही सांगायचे आहे, कारण रुग्णाच्या तोंडून आम्हाला तेच ऐकू येतात.

घरोघरी नुनी, बुल्ली, शूची जागा. मित्रांमध्ये गोट्या, आंड, सामान, हत्यार. डॉक्टरांसमोर ‘इंद्रिय’, नाहीतर नुसतेच ‘खाली’. यांतला कुठला शब्द आम्हाला पसंत, तर जो ऐकताच बोट नेमक्या अवयवावर जाते तो. गोटी ग्राम्य खरी, पण गोटी दुखते म्हटल्यावर दुसऱ्या कशाची शंका उरत नाही. ‘इंद्रिय’ सभ्य आहे, पण डोळेही इंद्रियच. ‘लिंग’ हा शब्द अर्जातल्या स्त्री-पुरुषच्या रकान्यात, व्याकरणात आणि देवळातही आहे, म्हणून शिश्न बरा. शिवीतला शब्द इथे लिहिता येणार नाही, पण एखाद्या रुग्णाला तेवढाच येत असेल आणि त्याने तो उच्चारला, तर त्याला दटावू नये. दटावले की तो पुन्हा ‘खाली’वर येतो.

त्या ‘खाली’ने काय होते, त्याचे सगळ्यात वाईट उदाहरण म्हणजे वृषणाला पडणारा पीळ. वृषण ज्या दोरीसारख्या शुक्ररज्जूला टांगलेले असते, तिला पीळ बसतो आणि रक्तपुरवठा तुटतो. 12 ते 18 या वयात हे जास्त होते. मुलगा अनेकदा झोपेतूनच कळवळत उठतो, पोट धरतो, ओकतो. गर्भात वृषण पोटातच तयार होऊन मग खाली उतरते, आणि त्याच्या संवेदना नेणाऱ्या नसा बेंबीच्या पातळीवरच्या नसांबरोबरच मज्जारज्जूत शिरतात, म्हणून कळ पोटातही जाणवते. त्यात लाज. मुलगा ‘पोटात दुखतंय’ म्हणतो, घरात ओवा दिला जातो, दवाखान्यात दुखणे दाबणारे इंजेक्शन मिळते आणि चड्डी कोणी उतरवून बघत नाही. पीळ पडल्यापासून 6 तासांच्या आत शस्त्रक्रियेने सोडवला तर बहुतेक वेळा वृषण वाचते. 12 तासांनंतर आशा झपाट्याने घटते, 24 तासांनंतर बहुधा ते काढूनच टाकावे लागते. तपासणीत ते वर ओढलेले आणि आडवे झालेले दिसते. मांडीच्या आतल्या बाजूने बोट हलकेच फिरवले की एरवी वर सरकते, ते सरकत नाही. एवढे दिसल्यावर सोनोग्राफीच्या रांगेत थांबू नये. जंतुसंसर्ग समजून गोळ्या देत बसणे ही दुसरी नेहमीची चूक. शस्त्रक्रियेत दुसरे वृषणही टाके घालून पक्के करतात, कारण टांगणीतला दोष बहुतेकदा दोन्ही बाजूंना असतो. रात्री दोन वाजता ‘आई, गोटी खूप दुखतेय’ एवढे वाक्य ज्याला न लाजता म्हणता येते, त्याचे तास वाचतात.

‘अंडकोष’ हा शब्द वर्तमानपत्रांत फार येतो आणि फार घोळ घालतो. कोणी तो पिशवीसाठी वापरतो, कोणी आतल्या ग्रंथीसाठी, आणि स्त्रीच्या अंडाशयाशी त्याची गल्लत होते ती वेगळीच. ‘अंडकोषात गाठ’ यावरून काहीच ठरत नाही. गाठ वृषणातच आणि टणक असेल तर कर्करोगाची शंका घेऊन लगेच तपासावी लागते. हा कर्करोग तरुणांमध्ये, साधारण 15 ते 35 वयात जास्त दिसतो आणि बहुधा दुखत नाही. वृषणाच्या मागच्या बाजूला लागणारी मऊ, लांबट गुंडाळी मात्र अधिवृषणाची, ती प्रत्येकाला असते. ‘अंडवृद्धी’चेही तसेच. पाणी साठलेले असो, अंतर्गळ (हर्निया) उतरलेला असो, एकच शब्द. अंधाऱ्या खोलीत पिशवीच्या मागून टॉर्च लावावा: पाणी असेल तर बहुधा ती लालसर उजळते. खोकल्यावर फुगते आणि आडवे झाल्यावर पोटात परत जाते, तो अंतर्गळ. टॉर्चवर सगळे सोडू नये, लहान बाळाचे आतडेही उजळू शकते. विदर्भाच्या पूर्व भागात हत्तीरोगामुळे पाणी साठलेले पुरुष पुष्कळ आहेत. ‘अंडवृद्धी आहे, वयाने होते’ म्हणत ते वर्षानुवर्षे धोतराआड लपवतात. ‘अवघड जागेचे दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण अजून खरी आहे.

‘नुनी’ला आमचा आक्षेप नाही. मुलाला तो शब्द येतो, आईला येतो, आम्हालाही कळतो. फक्त ‘नुनी सुजली’ म्हणताना कातडी, सुपारी (म्हणजे टोक) की सगळीच, हे सांगता आले पाहिजे. कातडी मागे ओढल्यावर तिथेच अडकून टोक सुजले असेल तर ती तातडीची बाब आहे; सूज हाताने 5 ते 10 मिनिटे सलग दाबून उतरवतात आणि मग कातडी पुढे आणतात. हे बहुधा घडते आंघोळीत ‘साफ करायची’ म्हणून जोर केल्याने. दोन-तीन वर्षांच्या मुलाची कातडी मागे न जाणे नैसर्गिक आहे, जोर करू नये. मोठ्या माणसाला लघवीची नळी घातल्यावर कातडी पुढे आणायची राहिली तरी हेच होते. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत तर मुलाचे म्हणणे त्याने सांगितले तसेच नोंदवावे, असे 2012चा पॉक्सो कायदाच सांगतो. ‘नुनी’च्या जागी कागदावर ‘गुप्तांग’ लिहू नये.

काही शब्द सरळ भीतीच घालतात. ‘नसबंदी’त नस म्हटले की लोकांना वाटते ताठरतेची नस कापतात, आणि गावाकडे बैल खच्ची करणे सगळ्यांनी पाहिलेले असते. प्रत्यक्षात कापतात त्या शुक्राणू नेणाऱ्या दोन नळ्या. वृषण जागेवर राहते, रक्तात जाणारे संप्रेरक तसेच राहते, वीर्यही जवळपास तेवढेच येते. शुक्रवाहिनी बंद करणे म्हटले तर निम्मी भीती तिथेच जाते. त्यानंतरही 3 महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग वीर्य तपासायचे, हे मात्र आवर्जून सांगावे लागते. ‘बंद झाली’ एवढेच ऐकून गेलेल्यांच्या घरी पाळणा हलतो.

‘हत्यार’ हा शब्द आम्हाला सगळ्यात नापसंत. हत्यार चाललेच पाहिजे, नाही चालले तर मालक नालायक, असा हिशेब त्यात दडलेला आहे. मग ताठरता येत नाही हे कुणी सांगत नाही, ‘कमजोरी’ म्हणतो आणि भिंतीवरच्या जाहिरातीतली पुडी आणतो. शिश्नाच्या धमन्या 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4 मिलिमीटरच्या. चरबीने आधी बारीक धमन्या अडतात. म्हणून चाळिशीनंतर ताठरता कमी होत गेली तर साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायचे असते, हृदयाचे दुखणे काही वर्षांनी मागून येऊ शकते. ‘ताठरता येत नाही’ या तीन शब्दांत ही सगळी तपासणी सुरू होते, ‘कमजोरी’त फक्त पुडी मिळते.

आईवडिलांनी बाळाला कोमट पाण्याने आंघोळ घालताना दोन्ही गोट्या पिशवीत हाताला लागतात का, ते पाहावे. गारठ्यात त्या वर चढतात, म्हणून कोमट पाणी. 6 महिन्यांनंतरही एकच लागत असेल तर ‘मोठेपणी उतरेल’ म्हणून थांबू नये. शस्त्रक्रिया दीड वर्षाच्या आत व्हायला हवी, कारण पिशवीपेक्षा पोटात ऊब 2 ते 4 अंशांनी जास्त असते आणि त्या उबेने शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी खराब होतात. दवाखान्यात ‘एकच गोटी लागते’ असेच सांगावे.

— मूत्रविकार व बालशल्य विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका