पाखरं हाकलणाऱ्या आजींना, पाखरं बघणारीकडून

ती. आजींना,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही "बरं बरं, पोह्यांची ताटली तेवढी परत आण" म्हणालात, दुसऱ्यांदा टीव्हीचा आवाज वाढवलात आणि तिसऱ्यांदा चक्क दार लावून घेतलंत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघडं. तसंही नाशिकच्या सिडकोतल्या आपल्या गल्लीत झाकलेलं काय राहतं? मोतीबिंदू आता काढलाय, त्यामुळे माझ्या थोरलीकडून वाचून घ्यायची सबब चालणार नाही. स्वतः वाचा आणि शुद्धलेखनाच्या चुका काढा.

तो जुलैचा दिवस तुमच्या लक्षात नसेल. माझ्या आहे. सकाळी साडेसातला पाळणाघरातून निरोप आला, आज बंद. बाहेर पाऊस, सातपूरला आमच्या कंपनीत कस्टमरचं ऑडिट, नवरा तिकडे चाकणला. थोरली शाळेच्या रिक्षात बसून गेलेली. मी जिन्यात उभी. कडेवर धाकटा, खांद्याला डबा, कानाला फोन. तोपर्यंत पाच-सहा जणांना विचारून झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, प्रत्येकाची अडचण खरी होती. तुम्ही दारात सुपात तांदूळ निवडत बसला होतात. आपली ओळख तेव्हा पाण्याच्या वेळेपुरती, "आलं का?" "नाही अजून" एवढीच. तुम्ही काही विचारलं नाहीत. वर न बघता म्हणालात, "ठेव त्याला खाली. तू जा. पाचला ये नाहीतर सातला ये."

सातलाच आले. धाकटा तुमच्या मांडीवर झोपलेला आणि त्याच्या मुठीत चार तांदूळ.

महिनाअखेरीला मी पाकीट घेऊन आले तेव्हा तुम्ही ते उघडूनही पाहिलं नाहीत. "पैसे नको. पवननगरच्या बाजारातून येताना माझी भाजी आणत जा. फक्त मेथी बघून आण, तुला मेथी कळत नाही." खरंच कळत नाही. कंपनीत दिवसभर माझ्या हाताखालून बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या धातूच्या नळ्या, जातात, मापाच्या व्हर्नियरवर 0.02 मिलिमीटरचा फरक दिसला तरी मी अख्खी पेटी बाजूला काढते; पण मेथीची जुडी आतून पिवळी निघायची ती निघतेच. तुम्ही ती दर वेळी उलगडून, माझ्याकडे एकदा बघून, काही न बोलता निवडायला घेता. ऑडिटर बरा वाटतो.

पण हे पत्र सांभाळलेल्या मुलांसाठी नाही. म्हणजे त्यासाठीही आहेच. खरं कारण दुर्बीण.

त्या वर्षी दिवाळीत आकाशकंदील काढायला मी माळ्यावर चढले होते आणि खाली तुम्ही स्टूल धरून उभ्या होतात. कंदिलाच्या खोक्यामागून ती काळी पिशवी घरंगळली. लग्नाआधी पहिल्या पगारातून घेतलेली 8×42 ची दुर्बीण. काचांवर बुरशीचा बारीक ठिपका आलेला, पट्टा कडक झालेला. थोरली झाल्यापासून ती तिथेच होती. तुम्ही विचारलंत, "हे काय गं?" मी म्हटलं, "पाखरं बघायची दुर्बीण."

तुम्ही इतक्या हसलात की स्टूल हललं. "अगं बये, आमचा जन्म गेला पाखरं हाकलण्यात. तू पेट्रोल जाळून बघायला जायचीस?"

मग फराळ राहिला बाजूला आणि तुम्ही तुमचा माळा सांगायला बसलात. कादवेकाठी वडिलांचं शेत, त्यात जोंधळा, कणसात दाणा भरला की पिकाच्या मधोमध चार मेढी रोवून बांधलेला माळा, आणि त्यावर आठ-नऊ वर्षांच्या तुम्ही. हातात गोफण. उजाडायच्या आत चढायचं, कारण पाखरं उजाडताच उतरतात. खडा सुटला की गोफणीच्या शेंड्याचा असा आवाज काढायचा की पाखरू आवाजानेच उठावं, खड्याची गरज पडू नये. "शाळा?" मी विचारलं. "पाखरं गेल्यावर," तुम्ही म्हणालात. माझाही माळा आणि तुमचाही माळा, पण माझ्या माळ्यावर नुसत्या वस्तू धूळ खात पडल्या होत्या.

उठता उठता तुम्ही म्हणालात, "रविवारी जा. पोरं माझ्याकडं. आल्यावर काय काय आलंय तेवढं सांगायचं. खोटं सांगू नको, मला कळतं."

दहा वर्षांत मला कुणी "जा" म्हटलं नव्हतं. "जायचं असेल तर जा" असं म्हणणारे होते. त्या दोन्हीत काय फरक असतो ते घरातल्या बायकांना सांगायला नको.

पहिल्या रविवारी पहाटे मी आणि कंपनीतली मैत्रीण स्कूटरवर निघालो. द्वारक्याला ट्रॅफिक जागा व्हायच्या आत पार, मग ओढा, चांदोरी, आणि पुढे गोदाकाठ. थंडीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर का येतो ते हँडलवर धरलेल्या बोटांना कळलं. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा एकत्र येतात, तिथे इंग्रजांच्या काळात बंधारा झाला, त्यामागे गाळ साचत गेला आणि उथळ पाण्याची, गवताची ही दलदल तयार झाली. धरणात गाळ साचला की आपण हळहळतो, पण इथे त्या गाळानेच पाखरांना बोलावलं. जानेवारी 2020 मध्ये ही जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातली पहिली. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "यादीत आत्ता आली असंल. पाखरांना आधीच ठाऊक होती."

त्या दिवशी दुर्बीण डोळ्याला लावली आणि पहिली पाच मिनिटं काहीच दिसलं नाही, कारण काचा आतून धुरकटल्या होत्या. काचा की डोळे, ते जाऊ द्या. मग धुकं उठलं आणि पाण्यावर शेकडो काळे ठिपके, प्रत्येकाच्या कपाळावर पांढरा टिळा. वारकरी.

घरी येऊन तुम्हाला हिशोब दिला. वारकरी, थापट्या, चमच्या, लाल लांब पायांचा शेकाट्या, जांभळ्या पाणकोंबड्या, लांबवर चक्रवाकाची जोडी. तुम्ही एकेकाला मान डोलवत होतात. मग मी मोठ्या ऐटीत मोबाइल पुढे केला. बाभळीवर बसलेला गुलाबी-काळ्या पक्ष्यांचा थवा. म्हटलं, "आजी, ही पळसमैना. युरोपच्या पूर्व टोकाकडून, मध्य आशियातून हिवाळ्यात येते. किती सुंदर आहे बघा."

तुम्ही फोन डोळ्यांजवळ नेलात, लांब नेलात, परत जवळ आणलात. आणि तुमचा चेहराच बदलला. "अगं, ही तर भोरडी! मेली! ही अजून येते?"

त्या दिवशी मला कळलं की एकाच पाखराच्या दोन गोष्टी असतात. माझ्या पुस्तकात तिच्या प्रवासाचे बाण काढलेले होते. तुमच्या आठवणीत ती ढगासारखी यायची, अख्खं शेत काळं व्हायचं, अर्ध्या तासात कणसं रिकामी, आणि त्या वर्षी घरात भाकरी मोजून व्हायची. तुम्ही तिला शिव्या दिल्यात, अगदी मनापासून. आणि मग विचारलंत, "बऱ्या आहेत ना? किती होत्या? पहिल्याएवढ्या नसतील." ते विचारताना तुमच्या आवाजात जे होतं त्याला काय म्हणायचं मला अजून ठरवता आलेलं नाही. शत्रूची खुशाली कुणी इतक्या काळजीने विचारत नाही.

तेव्हापासून तुम्हीच माझं पुस्तक आहात. आता तुमच्याकडे द्राक्षबागांवर जाळ्या आल्या, जोंधळा गेला, माळे तर कुठे दिसतच नाहीत. पण कुठलं पाखरू बाभळीवर बसतं आणि कुठलं बसतच नाही, हे तुम्ही चौथ्या इयत्तेच्या आत शिकलात आणि मी अजून शिकतेय.

आमच्या नात्यातून बोलणी आली, तुम्हाला माहीतच आहे. पोरं दुसऱ्याच्या दारात टाकून ही बाई बगळे मोजत फिरते. नवऱ्याने स्वतः कधी अडवलं नाही, पण तो पंधरा दिवसांतून एकदा येतो आणि तो रविवार झोपेची उधारी फेडण्यात जातो. मलाच अपराधी वाटायचं. एकदा जिन्यात एका पाहुणीने तुमच्यासमोरच विषय काढला. मी मान खाली घातली. तुम्ही म्हणालात, "बगळे मोजून आली की पोरांवर ओरडत नाही. मी खाली असते, मला ऐकू येतं." विषय तिथेच संपला. घरी जाऊन मी आठवून पाहिलं, तर बाकीच्या दिवशी माझं ओरडणं खालीपर्यंत जातं हेही त्यातच आलं होतं.

आणि तो पंक्चरचा रविवार. चांदोरीच्या पुढे चाक बसलं, फोन बंद पडला, मला घरी पोहोचायला दीड वाजला. धाकटा झोपलेला, तुम्ही म्हणालात, "जेवून झोपलाय." तापाचं एक अक्षर बोलला नाहीत. चार दिवसांनी थोरलीने सांगितलं की तो तापाने फणफणला होता आणि तुम्ही, दुखऱ्या गुडघ्याने, रिक्षा करून दोघांना घेऊन डॉक्टरांकडे गेला होतात. मी भांडायला आले. तुम्ही म्हणालात, "तेव्हाच सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी गेली असतीस का?"

मला हे तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पूर्ण पटलेलं नाही. मुलाचा ताप आईला कळला पाहिजे. पण नसते गेले, हेही खरं.

तक्रारी मांडायच्याच तर अजून एक. धाकट्याला चहात बुडवून खारी द्यायची तुम्ही. मी नको म्हणते, तुम्ही हो म्हणता, आणि त्याच्या शर्टावर पुरावा असतो. आणि थोरलीला जुन्या नाडीची गोफण वळून दिलीत ना, तिने गच्चीवरची टाकी नेम धरून वाजवली आहे. समोरचे काका मलाच विचारत होते.

असो. येत्या रविवारी आमचे हे गाडी घेऊन येतायत. तुमच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना मी स्वतः फोन करून विचारलंय, धूळ उडाली तर काळा चष्मा लावा म्हणाले, बाकी काही हरकत नाही. मनोऱ्यावर चढायचं नाही, काठावर खुर्ची टाकू. दुर्बिणीच्या काचा साफ करून आणल्यात. बाभळीवर त्या असतीलच, या हंगामात असतात. या वेळी फोटोत नाही, समोर बघा.

सहाला खाली येते. कानाला रुमाल बांधा, गुडघ्याचा पट्टा घ्या, आणि ते अभयारण्य आहे, तेव्हा गोफण घरीच ठेवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची, जिला मेथी कळत नाही