इंग्रजी शब्दांसाठी गाण्यांची तासिका हवी

मा. संपादक,

राज्यातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही पाठ केलेले शब्दार्थ नववी-दहावीच्या मुलांना परीक्षेनंतर आठवत नाहीत, ही खंत आहे. खान्देशातील अहिराणी बोलणाऱ्या घरांत कानबाई या लोकदेवतेची गाणी मुले ऐकूनच शिकतात. इंग्रजी शब्दही असेच आधी कानावर पडावेत. संथ चालीच्या गाण्यातील सात-आठ शब्द गाळलेला कागद द्यावा आणि गाणे दोन-तीनदा ऐकवून ते भरून घ्यावेत. ध्रुवपदामुळे शब्दांची आवर्तने होतात आणि कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, हे पुस्तकातून सहसा न उमगणारे अंगही कळते. मात्र गाण्यात व्याकरण पुष्कळदा वाकवलेले असते, म्हणून तेच शब्द नंतर मुलांनी स्वतःच्या वाक्यांत वापरावेत. माध्यमिक शाळांनी यासाठी आठवड्यातून एक तासिका राखावी, ही कळकळीची विनंती.

– एक इंग्रजी शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)