मुळात ही माहिती हवीच कशाला?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वैयक्तिक माहितीच्या सुरक्षिततेविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यातील उपदेशाचा रोख बहुधा सामान्य वापरकर्त्याकडे असतो. पासवर्ड अवघड ठेवा, ओटीपी कोणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, या सूचना योग्यच आहेत आणि त्या पाळायलाच हव्यात. परंतु जे आपली माहिती मागतात, साठवतात आणि काम संपल्यावरही वर्षानुवर्षे बाळगतात, त्यांना ‘ही माहिती मुळात तुम्हाला कशासाठी हवी आहे?’ असे क्वचितच कोणी विचारते. सुरक्षिततेची चर्चा या प्रश्नापासून सुरू व्हावी, असे मला आग्रहाने मांडायचे आहे.

अमेरिकेतील इक्विफॅक्स या कर्जदारांची पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीचे २०१७ मधील प्रकरण पाहावे. सुमारे १४.७ कोटी लोकांची नावे, जन्मतारखा, सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेत ओळखीसाठी वापरला जाणारा सरकारी क्रमांक) असा तपशील तेथून चोरीला गेला. ज्या संगणक प्रणालीतील त्रुटीतून चोर आत शिरले, त्या त्रुटीवरील दुरुस्ती मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती; ती वेळेवर बसवली गेली नाही. या लोकांपैकी बहुतेकांनी आपली माहिती त्या कंपनीच्या हाती स्वतःहून दिलेलीही नव्हती, ती कर्ज देणाऱ्या संस्थांकडून परस्पर जमा होत गेली होती. कितीही काटेकोर पासवर्ड ठेवला असता, तरी त्यांच्यापैकी एकाचाही बचाव झाला नसता.

त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकी सरकारच्या मनुष्यबळ कार्यालयातून सुमारे २.१५ कोटी लोकांची माहिती गेल्याचे उघड झाले होते आणि तीत सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसेही होते. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, कार्ड रद्द करून नवे घेता येते. बोटांचे ठसे मात्र आयुष्यभर तेच राहतात. म्हणून ठसे किंवा चेहऱ्याची माहिती मागणाऱ्यावर इतरांपेक्षा कितीतरी कठोर बंधने असली पाहिजेत.

‘आम्ही नावे काढून टाकतो, त्यामुळे धोका नाही’ हा खुलासा तर विशेष तपासून घ्यावा असा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावे वगळून संशोधनासाठी खुल्या केल्या होत्या. १९९० च्या दशकात लटान्या स्वीनी या संशोधिकेने त्या नोंदी मतदारयादीशी ताडून पाहिल्या आणि खुद्द राज्याच्या गव्हर्नरांची नोंद शोधून काढली. जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडसारखा टपाल विभागाचा क्रमांक एवढ्या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक ओळखता येण्याजोगे ठरतात, असे त्यांनी पुढे दाखवले. २००६ मध्ये एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या अमेरिकी कंपनीने सुमारे साडेसहा लाख ग्राहकांनी इंटरनेटवर काय काय शोधले, याच्या नोंदी नावांऐवजी क्रमांक घालून प्रसिद्ध केल्या. थोड्याच दिवसांत पत्रकारांनी केवळ त्या शोधांवरून एका महिलेचा माग काढून तिची भेटही घेतली. माणूस काय शोधतो यात त्याचे आजार, त्याच्या चिंता, त्याच्या नातलगांची नावे, राहण्याचा भाग असे सारे उतरलेले असते, आणि नाव पुसल्याने ते पुसले जात नाही.

राहता राहिली संमती. कोणीही वाचू शकणार नाही इतक्या लांबलचक अटींखाली ‘मान्य आहे’ असे बटण दाबून घेणे, आणि ते न दाबल्यास सेवाच नाकारणे, याला संमती म्हणणे मला पटत नाही. शिवाय मी माझ्या फोनमधील संपर्कयादी एखाद्या ॲपला उघडी केली, तर त्या यादीतील कोणालाही न विचारता मी त्यांचीही माहिती देऊन टाकतो.

माहितीशिवाय व्यवहार चालत नाहीत, हे मला मान्य आहे. हिशेबाच्या, करांच्या, फसवणूक रोखण्याच्या कारणाने काही नोंदी ठराविक काळ ठेवाव्याच लागतात. परंतु कमी माहितीत काम भागवणे तंत्रज्ञानाला अशक्य नाही. आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये बोटाचा ठसा फोनच्याच सुरक्षित भागात राहतो आणि ॲपला तो जुळला की नाही, एवढेच कळते. वयाची खात्री करायची असेल तर ‘अठरा पूर्ण’ एवढे उत्तर पुरेसे असावे; त्यासाठी ओळखपत्राची संपूर्ण प्रत घेऊन ती कायमची जपून ठेवण्याचे कारण नाही. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने गरजेपुरतीच माहिती घेणे आणि ती गरजेपुरत्याच काळासाठी ठेवणे बंधनकारक केले आहे. माहिती फुटल्याचे कळल्यावर, लोकांना धोका संभवत असेल तर, ७२ तासांत नियामकाला कळवण्याचा दंडकही त्यात आहे.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. माहितीचोरीची बातमी देताना किती लोकांची माहिती गेली या आकड्यावर न थांबता, ती कोणत्या कामासाठी घेतली होती, काम संपल्यावर का काढून टाकली नाही आणि संबंधितांना किती दिवसांनी कळवले, हे त्या संस्थेला विचारून तिचे उत्तर, किंवा उत्तर देण्यास तिने दिलेला नकार, बातमीत छापावा. तसेच आपल्या संकेतस्थळावर येणाऱ्या वाचकांची कोणती माहिती जाहिरातदारांपर्यंत पोहोचते, तेही सोप्या भाषेत प्रसिद्ध करावे.

आपला,
एक नियमित वाचक